दर बुधवारी दुपारी २ वाजता: व्हिडिओ कॉलवरून आयसीयूचं ट्रेनिंग पूर्ण केलं त्याचा अनुभव

मागच्या आठवड्यात सर्टिफिकेट आलं. अर्ज भरला त्याला आता जवळजवळ सोळा महिने झालेत. सुरुवातीला मी शोधाशोध करत होते तेव्हा सिलॅबस सगळीकडे मिळत होता, पण फॉर्म भरल्यापासून सर्टिफिकेट मिळेपर्यंत मधे काय काय होतं, कुठे अडकायला होतं, काय आधीच करून ठेवायचं, हे कोणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. लांबलंय बरंच, पण ज्यांना अशा ट्रेनिंगला जायचंय त्यांना एकेक गोष्ट उपयोगी पडेल असं वाटतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. आमचं हॉस्पिटल १२० बेडचं, आयसीयू ८ बेडचा, आणि सगळ्यात जवळचं मोठं शिकवणारं हॉस्पिटल साडेचारशे किलोमीटरवर. क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूतले उपचार, खास शिकलेलं इथे कोणी नाही, त्यामुळे व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक पेशंट शेवटी आम्हा दोन भूलतज्ज्ञांकडेच येतो. ऑपरेशन थिएटरमधे चार तास व्हेंटिलेटर चालवणं वेगळं आणि खराब झालेली फुप्फुसं बारा दिवस सांभाळणं वेगळं, हे मला रोज जाणवायचं. दोन वर्षं तिकडे राहून शिकायला जावं तर मागे एकच भूलतज्ज्ञ उरतो, म्हणजे रात्रीच्या सिझेरियनला भूल कोण देणार. तो विषय तिथेच संपायचा. मग एका सीनियरने सांगितलं की एक मोठं हॉस्पिटल सहा लांबच्या हॉस्पिटलांना व्हिडिओ कॉन्फरन्सवरून वर्षभराचं ट्रेनिंग देतंय, आठवड्याला दीड तास, शिवाय वर्षातून दोनदा एकेक आठवडा प्रत्यक्ष जायचं, लॉगबुक भरायचं आणि शेवटी परीक्षा.

९ जानेवारीला अर्ज पाठवला. डिग्री, रजिस्ट्रेशन आणि हॉस्पिटलचं ना हरकत पत्र, एवढंच मागितलं होतं. मला वाटलं पंधरा दिवसांत सुरू होईल. प्रत्यक्षात दोन हॉस्पिटलांमधला करार सही होईपर्यंत २७ मार्च उजाडला, म्हणजे अकरा आठवडे. कारण एकच कलम. मी सेशनमधे माझा पेशंट मांडला, तिकडच्या डॉक्टरांनी काही सुचवलं, मी ते केलं आणि पेशंटचं बरं-वाईट झालं तर जबाबदार कोण? आमच्या प्रशासनाला वाटायचं तिकडचे, त्यांना वाटायचं आम्ही. शेवटी असं ठरलं की सेशन हे शिक्षण आहे, सल्ला हा सल्ला आहे, निर्णय आणि जबाबदारी पेशंटला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरची. तुम्ही अर्ज करणार असाल तर हे वाक्य पहिल्याच मसुद्यात आहे की नाही ते बघा, आमचे सहा आठवडे नुसत्या याच वाक्यात गेले.

या वाट बघण्याच्या काळात आमच्या मेडिकल सुपरिंटेंडेंट सरांना पटवायचं कामही माझ्याकडेच होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता, टीव्हीवर बघून कोणी डॉक्टर होतो का. मग मी जरा वाचलं. अमेरिकेत नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूटने १९६४ मधेच १८० किलोमीटरवरच्या नॉरफोकच्या सरकारी मनोरुग्णालयाशी दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी टीव्ही लाइन जोडली होती आणि त्यावरून शिकवणं, पेशंटवर चर्चा सगळं चालायचं, म्हणजे कल्पना माझ्यापेक्षाही जुनी. पण सरांना पटलं ते न्यू मेक्सिकोच्या उदाहरणाने. तिथल्या विद्यापीठातले लिव्हरचे डॉक्टर संजीव अरोरा यांच्याकडे हेपटायटिस सीच्या पेशंटला महिनोन्महिने अपॉइंटमेंट मिळत नव्हती, तर त्यांनी २००३ मधे पेशंटला बोलवायच्या ऐवजी गावोगावच्या साध्या फिजिशियनना आणि तुरुंगातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवून एकेक केस मांडायला लावली. प्रोजेक्ट एको म्हणतात त्याला. २०११ मधे त्यांचा अभ्यास छापून आला, ४०७ पेशंट, विद्यापीठाच्या क्लिनिकमधे ५७.५ टक्के बरे झाले आणि लांबच्या त्या २१ ठिकाणी ५८.२ टक्के. सरांनी तो आकडा दोनदा वाचला आणि सही केली. सहीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे मी दुसरं एक पत्र त्यांच्याकडून घेतलं, की बुधवारी दुपारी २ ते साडेतीन मी ऑन-कॉल नसेन आणि ओटीमधे माझं नाव लागणार नाही. हे पत्र नसतं तर माझी निम्मी सेशन बुडाली असती. तोंडी परवानगीवर राहू नका, ड्युटी रोस्टरवर छापून घ्या.

खर्चाचं सांगायचं तर फी माझ्या साधारण पावणेदोन महिन्यांच्या पगाराएवढी होती, दोन हप्त्यांत. दोन वेळचा प्रवास आणि राहणं माझं मी केलं. सामान हॉस्पिटलने घेतलं, पण त्यालाही तीन कोटेशन, मंजुरी, परचेस ऑर्डर असं करत पाच आठवडे लागले. पहिल्या यादीत मी मोठा स्क्रीन आणि भारीतला कॅमेरा लिहिला होता, मायक्रोफोन लिहिलाच नव्हता. तिकडच्या टेक्निशियननी यादी परत पाठवली आणि सांगितलं, मॅडम, स्क्रीन जुना चालेल, आधी टेबलावर ठेवायचा एक बरा मायक्रोफोन-स्पीकर घ्या. त्याची किंमत मी मागितलेल्या कॅमेऱ्याच्या पाव भागाएवढी होती. वर्षभरानंतर मी छातीठोकपणे सांगते, चित्र अडखळलं तर शिकणं चालू राहतं, आवाज गेला की संपलं.

४ एप्रिलला पहिला टेस्ट कॉल झाला आणि तो पूर्ण फसला. आमची मीटिंग रूम म्हणजे टाइल्सची जमीन, काचेच्या खिडक्या, उघड्या भिंती. आम्ही बोललेलं तिकडे घुमून ऐकू जायचं. आयसीयूतले जाड पडदे आणून लावले, टेबलावर दुहेरी चादर टाकली, तेव्हा आवाज निम्म्याने सुधारला. दुसरी भानगड नेटची. डाउनलोडचा स्पीड भरपूर दिसत होता म्हणून मी निश्चिंत होते, पण आपलं चित्र तिकडे जातं ते अपलोडवर, आणि एका बऱ्या एचडी चित्राला साधारण दीड ते चार एमबीपीएस अपलोड सतत लागतो, मधेच मिळून मधेच गायब होणारा नाही. आमचा स्पीड सकाळी ठीक असायचा आणि दुपारी २ ला पडायचा, कारण त्याच वेळेला सिटी स्कॅनच्या सगळ्या फायली सर्व्हरवर चढायच्या. आयटीवाल्या मुलाने ती वेळ संध्याकाळवर ढकलली, आम्हाला वायफायवरून काढून केबल दिली, आणि फायरवॉलमधे यूडीपी, म्हणजे कॉलचा आवाज-चित्र न थांबता पाठवायची नेटची पद्धत, बंद होतं ते या एका कॉम्प्युटरपुरतं उघडलं. यूडीपी बंद असेल तर कॉल लागतो, पण टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने जातो, आणि टीसीपी हरवलेला प्रत्येक तुकडा परत मागवत बसतो त्यामुळे आवाज तुटत तुटत येतो. हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आयटीच्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्याकडे तो मुलगा शेवटपर्यंत बुधवारी पावणेदोनला येऊन सगळं तपासून जायचा, आणि या ट्रेनिंगमधे त्याचा वाटा मोठा आहे.

१६ एप्रिलला पहिलं सेशन. स्क्रीनवर सात चौकोन, एक मुख्य केंद्र आणि सहा आम्ही. पद्धत ठरलेली होती: आधी पंधरा-वीस मिनिटं एका विषयावर छोटं लेक्चर, मग उरलेल्या वेळात दोन केसेस, आणि केस मांडायची आम्हीच, म्हणजे लांबच्यांनी. एका हॉस्पिटलचं नेट सॅटेलाइटवरून होतं. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच, सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर. टेलिफोनच्या जगात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं धरतात, कारण त्याच्या पुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. अगदी तेच झालं. ते सर बोलायला लागायचे, त्यांना आमचं ऐकू यायचं म्हणून थांबायचे, आम्हीपण थांबायचो, मग दोघंही परत एकदम सुरू. चार आठवड्यांत ते सर गप्पच झाले. मुख्य केंद्रातल्या मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी नियम केला: बोलायच्या आधी हॉस्पिटलचं नाव घ्यायचं, संपलं की "झालं" म्हणायचं, आणि प्रत्येक प्रश्नावर सगळ्यात आधी विचारायचं त्या सॅटेलाइटवाल्या सरांना. नियम शाळेतल्यासारखा वाटेल, पण त्यानंतर त्या सरांकडूनच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. साप चावलेल्या पेशंटला व्हेंटिलेटरवर किती दिवस धीराने ठेवायचं हे त्यांनी जसं सांगितलं तसं मोठ्या हॉस्पिटलातही कोणी सांगितलं नव्हतं.

आता कागदपत्रांचं, कारण इथे चूक झाली तर खरंच महागात पडतं. केस पाठवायचा फॉर्म सोमवारी दुपारी १२ पर्यंत द्यायचा असायचा, त्यात नाव, पत्ता, हॉस्पिटल नंबर काही नको, जन्मतारखेच्या जागी वय, आणि तारखांच्या जागी "दाखल झाल्यापासून तिसरा दिवस" असं. मी हे सगळं नीट केलं आणि सोबत छातीचा सिटी स्कॅन जोडला. केंद्रातून फोन आला की फाइल पुसून टाकलीय, परत पाठवा. झालं असं होतं की स्कॅनची चित्रं ज्या डायकॉम प्रकारच्या फाइलमधे असतात तिला चित्राव्यतिरिक्त एक माहितीचा भाग असतो, त्यात पेशंटचं नाव, जन्मतारीख, नंबर सगळं बसलेलं असतं, स्क्रीनवर दिसत नाही एवढंच. तो भाग सॉफ्टवेअरने रिकामा करावा लागतो. आणि सोनोग्राफीत तर आणखी एक, नाव चित्रातच वरच्या पट्टीत छापलेलं असतं, म्हणजे फाइलची माहिती काढली तरी ते राहतंच, तो वरचा भाग कापावाच लागतो. दोन्ही वेगवेगळं करायचं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण पेशंटच्या मुलाने माझ्यावर विश्वास ठेवून कन्सेंटवर सही केली होती. त्यानंतर पाठवायच्या आधी फाइल मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचे आणि मगच पाठवायचे. कन्सेंटपण दोन लागतात हे लक्षात ठेवा, एक चर्चेसाठी आणि एक रेकॉर्डिंगसाठी. आमच्या एथिक्स कमिटीने दुसऱ्यासाठी वेगळा फॉर्म करायला लावला आणि त्यात तीन आठवडे गेले, तेवढे दिवस आमच्या केसेस रेकॉर्ड न करता झाल्या.

जून महिन्यातली एक केस मला सगळ्यांना सांगायची आहे.

एक बाई न्यूमोनियाने आल्या, दोन्ही फुप्फुसं पांढरी, व्हेंटिलेटर लावला. वजन ८२ किलो. अशा फुप्फुसांना दर श्वासाला किलोमागे ६ मिलिलिटरच हवा द्यायची हे मला पाठ होतं, २००० मधल्या त्या मोठ्या ट्रायलपासून सगळं जग तेच करतं, १२ च्या जागी ६ दिल्यावर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले होते. मी ८२ गुणिले ६ करून ४९० च्या आसपास लावलं आणि मला वाटत होतं की आपण नियमाप्रमाणे चाललोय. तरी प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत भरून थांबल्यावरचा फुप्फुसांतला दाब, ३४, जे ३० च्या खाली हवं. तिसऱ्या दिवशी केस मांडली. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "उंची किती?"

मला माहीत नव्हती. फॉर्ममधे तो रकाना मी रिकामा सोडला होता.

तो किलो म्हणजे पेशंटचं खरं वजन नसतंच, उंचीवरून काढायचं असतं, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. हे मी पीजीला असताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. सिस्टर मीटिंग रूमच्या दारात उभ्या होत्या, त्या पळत जाऊन टेप लावून आल्या, १५८ सेंटिमीटर. मॅडमनी सगळ्यांसमोर गणित मांडायला लावलं, बायकांसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४), उत्तर साडेपन्नास किलो. म्हणजे द्यायला हवे होते ३०० च्या आसपास आणि मी देत होते ४९०, किलोमागे जवळजवळ दहा. सात चौकोन माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी कॅमेरा बंद करावासा वाटला. तेवढ्यात दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं की आमच्याकडे आत्ता दोन पेशंट आहेत आणि दोघांचीही उंची आम्ही मोजलेली नाही, सेशन संपलं की मोजतो, झालं. मग आणखी एकांनी तेच सांगितलं. मॅडम मला रागावल्या नाहीत, पुढच्या सहा तासांत किती-किती कमी करत न्यायचं, श्वासांची संख्या किती वाढवायची, कार्बन डायऑक्साइड कुठपर्यंत चढू द्यायचा हे त्यांनी पायरीपायरीने सांगितलं. रात्री प्लॅटो २७ वर आला होता. अकराव्या दिवशी त्या बाईंची श्वासाची नळी काढली.

माझ्या मते व्हिडिओवरून ट्रेनिंग चालतं ते या गोष्टीवर. लेक्चर तर रेकॉर्ड केलेलंही ऐकता येतं. पण आपल्या स्वतःच्या पेशंटचे आकडे सात जणांसमोर ठेवायचे, आणि पेशंट अजून बेडवर असताना ठेवायचे, यात जे शिकायला होतं ते डोक्यातून जात नाही. म्हणून केस निवडताना छान सुटलेली केस देऊ नका. जी रात्री झोपू देत नाही ती द्या.

हाताने करायच्या गोष्टींचं मात्र वेगळं आहे. लंग अल्ट्रासाउंड शिकवायला त्यांनी आम्हाला प्रोब पेशंटच्या छातीवर ठेवायला लावला आणि आम्ही मशीनच्या स्क्रीनसमोर वेबकॅम धरला. फुप्फुसाचं आवरण श्वासाबरोबर सरकताना दिसतं का हे बघायचं असतं, दिसलं नाही तर छातीत हवा साठल्याची शंका घ्यायची. तिकडून मॅडम म्हणाल्या, सरकत नाहीये. मी इथे मशीनवर बघत होते, चांगलं सरकत होतं. माझ्या पोटात गोळाच आला, कारण पुढची पायरी छातीत नळी घालण्याची असू शकते. अडचण अशी की ही हालचाल फार बारीक, आणि व्हिडिओ पाठवताना सॉफ्टवेअर जागा वाचवायला नेमके असे बारीक बदलच गाळतं, वरून आमच्या स्क्रीन शेअरिंगला सेकंदाला मोजकीच चित्रं जात होती. उपाय सापडला तो असा: वेबकॅम बाजूला, मशीनच्या एचडीएमआयमधून कॅप्चर कार्डने थेट कॉम्प्युटरमधे घ्यायचं, शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीचा पर्याय निवडायचा म्हणजे चित्राच्या स्पष्टपणापेक्षा हालचालीला महत्त्व मिळतं, आणि शिवाय सहा सेकंदांची क्लिप वेगळी फाइल म्हणून आधी पाठवून ठेवायची. एम-मोडचं, म्हणजे एका रेषेवरची हालचाल वेळेप्रमाणे मांडणारं, स्थिर चित्रपण घ्यायचं, त्यात सरकणारं फुप्फुस समुद्रकिनाऱ्यासारखं दिसतं आणि न सरकणारं बारकोडसारखं, ते कॉम्प्रेशनमधे टिकतं. आणि सगळ्यात पक्का नियम आम्ही आमच्यात केला की लाइव्ह व्हिडिओत काही दिसलं नाही एवढ्यावरून कोणताही निर्णय नाही.

आवाजाचंही तसंच एकदा झालं. व्हेंटिलेटरचा अलार्म आणि पेशंटची घरघर ऐकवायला मी मायक्रोफोन बेडजवळ नेला तर तिकडे शांतता, कारण कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळा आवाज गोंगाट समजून काढून टाकतं. सेटिंगमधे ते बंद करता येतं, फक्त बेडसाइड दाखवताना बंद करा आणि नंतर आठवणीने चालू करा, नाहीतर पंख्याचा आवाज सगळ्यांना दीड तास ऐकावा लागतो.

ऑगस्ट आणि डिसेंबरमधे एकेक आठवडा प्रत्यक्ष गेले. ब्रॉन्कोस्कोपी, कठीण एअरवे, डायलिसिस मशीन लावणं हे तिथेच शिकले, हे स्क्रीनवरून शिकवायचा कोणी प्रयत्नही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण एक गंमत वाटली की पहिल्या दिवशी मला कोणाची ओळख करून घ्यावी लागली नाही. चार महिने दर बुधवारी एकमेकांच्या अडचणी ऐकलेल्या होत्या. मॅडम प्रत्यक्षात स्क्रीनपेक्षा खूप बुटक्या निघाल्या आणि भेटल्या भेटल्या त्यांनी विचारलं, त्या ८२ किलोच्या बाई कशा आहेत. परत आल्यावर त्या कौशल्यांची लॉगबुकमधे नोंद करायला स्थानिक सुपरवायझरची सही लागते. आमच्याकडे क्रिटिकल केअरचं कोणी नाही म्हणून सही कोण करणार यावर पुन्हा पत्रव्यवहार, शेवटी आमच्या फिजिशियन सरांना केंद्राने तेवढ्यापुरतं नेमलं. हेही आधी विचारून घ्या, मला तीन महिन्यांच्या नोंदी परत लिहून सह्या घ्याव्या लागल्या.

एकूण ४४ सेशन झाली, ८० टक्के हजेरी सक्तीची म्हणजे ३६, मी ३९ केली. पाच बुडाली त्यातली तीन आमच्या इमर्जन्सीमुळे, दोनदा वीज. वीज गेली तर आयसीयूला जनरेटर असतो पण मीटिंग रूमला आणि राउटरला नसतो हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, नंतर राउटरला छोटा यूपीएस लावला आणि मोबाइलवरून फक्त आवाजाने जोडून घ्यायची सवय केली. नोव्हेंबरमधे मला फार थकवा आला होता. रात्रीची ड्युटी करून सकाळी ओटी, दुपारी सेशन, डोळे मिटायचे. तेव्हा सोडून द्यावं असं दोन आठवडे मनात होतं. टिकले ते एवढ्याचसाठी की त्या काळात आमच्या केसेस सिस्टरांनी मांडल्या. आधी मी एकटीच बसायचे, मग पेशंटची उंची आणून दिलेल्या सिस्टर बसायला लागल्या, मग फिजिओथेरपिस्ट, आणि वर्षाच्या शेवटी खोलीत सात-आठ जण असायचे. केंद्राचीही त्याला हरकत नव्हती. एकट्याने शिकून आलेल्या डॉक्टरला वॉर्डमधे सगळं परत शिकवावं लागतं, ते आमच्याकडे लागलं नाही.

परीक्षा १८ मार्चला. लेखी पेपर इथेच, एका बाहेरच्या निरीक्षकासमोर. प्रॅक्टिकल व्हिडिओवर, आधी कॅमेरा फिरवून खोलीच्या चारही भिंती, टेबलाखालची जागा दाखवायची, मग दहा-दहा मिनिटांची आठ स्टेशनं. व्हेंटिलेटरचे ग्राफ, रक्तातल्या गॅसचे रिपोर्ट, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं. त्या शेवटच्या स्टेशनला समोर नातेवाईक म्हणून एक कलाकार होते, आणि स्क्रीनवर एक अडचण असते की तुम्ही त्यांच्या डोळ्यांत बघायला गेलात तर त्यांना तुम्ही खाली बघताय असं दिसतं. कॅमेऱ्याच्या छिद्राकडे बघायची सवय आधीपासून करा, मी कॅमेऱ्याशेजारी एक रंगीत टिकली चिकटवली होती. चौथ्या स्टेशनला चार मिनिटं लाइन गेली. नियमावलीत लिहिलेलं होतं की गेलेला वेळ भरून देतात आणि त्यांनी दिला, पण ती चार मिनिटं मी खुर्चीत बसून नुसती श्वास मोजत होते. निकाल सहा आठवड्यांनी, पास. सर्टिफिकेटवर आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त होऊन यायला आणखी काही दिवस गेले. फॉर्म भरताना रजिस्ट्रेशनवर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर लिहा.

आता दुसरी बॅच सुरू झालीय, त्यात आठ हॉस्पिटलं आहेत. आम्हा जुन्यांना महिन्याच्या पहिल्या बुधवारी बसता येतं आणि केसही पाठवता येते. रोस्टरवर बुधवारची ती वेळ मी अजून तशीच छापून ठेवलीय. या वेळची केस आमच्या सिस्टर मांडणार आहेत, पाच दिवसांपासून व्हेंटिलेटरवर असलेला एक तरुण मुलगा, पालथं झोपवल्यावर ऑक्सिजन सुधारतोय पण पोटातून फीड उतरत नाहीये. फॉर्म सोमवारी १२ पर्यंत जायला हवा. काल संध्याकाळी त्यांनी मला तपासायला दिला, अजून निम्मा रिकामा आहे, पण उंचीचा रकाना त्यांनी सगळ्यात आधी भरलाय, १७१.